स्मृतिभ्रंश : जोडीदाराची शुश्रूषा

स्मृती, विचार, भाषा, स्थलकालाचे भान व निर्णयशक्ती यांचा क्रमाक्रमाने ऱ्हास होऊन दैनंदिन जीवनातील स्वावलंबन नाहीसे होते, अशा विकारसमूहास स्मृतिभ्रंश म्हणतात. डिमेन्शिया ही त्याची पाश्चात्त्य संज्ञाही मराठीत रूढ झाली आहे. हा एकच एक रोग नसून मेंदूतील निरनिराळ्या विकृतींचा तो परिणाम होय. त्यांपैकी अल्झायमर रोग सर्वांत अधिक आढळतो. एकूण रुग्णांपैकी सु. ६० ते ७० टक्के रुग्णांत तो कारणीभूत असतो. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तपुरवठ्यातील बिघाडामुळे होणारा स्मृतिभ्रंश येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ५ कोटी ७० लाख स्मृतिभ्रंशग्रस्त व्यक्ती होत्या. भारतातील एका व्यापक पाहणीच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे ६० वर्षे व त्यापुढील वयाच्या लोकांत या विकाराचे प्रमाण ७·४ टक्के, म्हणजे सु. ८८ लाख व्यक्ती, इतके आहे.

हा विकार बरीच वर्षे चालतो आणि त्या काळात रुग्णाचा बहुतेक भार घरातील एकाच व्यक्तीवर पडतो. ही व्यक्ती पुष्कळदा पती किंवा पत्नी असते आणि तीही वृद्धत्वाकडे झुकलेली असते. अशा जोडीदाराने करावयाची शुश्रूषा आणि त्याला स्वतःला लागणारे साहाय्य हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे. नोंदीत आजारी व्यक्तीस ‘रुग्ण’ व शुश्रूषा करणाऱ्यास ‘जोडीदार’ म्हटले आहे.

इतिहास : अल्झायमर रोगाच्या पहिल्या वर्णनातच जोडीदाराची व्यथा नोंदली गेली आहे. नोव्हेंबर १९०१ मध्ये ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची स्त्री फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात दाखल झाली. तिचा पती कार्ल हा रेल्वेत कारकून होता. पतीविषयी अकारण संशय हे तिच्या आजाराचे आरंभीचे लक्षण होते. पुढे तिची स्मृती ढासळली, घरकाम जमेनासे झाले आणि घरी तिचा सांभाळ करणे पतीला अशक्य झाले. आलोइस आल्ट्सहायमर (१८६४–१९१५) या जर्मन वैद्यांनी तिला प्रश्न विचारून तिची उत्तरे टिपून ठेवली. ८ एप्रिल १९०६ रोजी ती मरण पावल्यावर त्यांनी तिच्या मेंदूची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली व त्याच वर्षी ३ नोव्हेंबर रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. १९१० मध्ये एमील क्रेपेलीन यांनी आपल्या मनोविकृतिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या विकारास आल्ट्सहायमर यांचे नाव दिले. वैद्यकाचे लक्ष त्यानंतर दीर्घकाळ मेंदूतील विकृतीवरच राहिले. शुश्रूषा करणाऱ्याच्या भाराचा पद्धतशीर अभ्यास १९८० च्या सुमारास सुरू झाला. त्या वर्षी अमेरिकेत स्टीव्हन झॅरिट व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली सिद्ध केली. ती आजही वापरात आहे.

जोडीदाराची विशेष स्थिती : मुलगा, सून किंवा पगारी परिचारिका यांच्या शुश्रूषेहून जोडीदाराची शुश्रूषा काही बाबतींत भिन्न असते. संसारात झालेली कामांची विभागणी या विकारामुळे मोडते. जन्मभर बँकेची पायरी न चढलेल्या पत्नीला ठेवी, विमा व निवृत्तिवेतन यांचे व्यवहार शिकावे लागतात. ज्याने कधी चहाही केला नाही अशा पतीला स्वयंपाक करावा लागतो, तसेच पत्नीला स्नान घालून नेसवावेही लागते. दुसरे असे, की ज्या व्यक्तीबरोबर सल्लामसलत करून आयुष्यातील अडचणी सोडविल्या, तीच सल्ला देण्यास असमर्थ होते. त्यामुळे निर्णयांचा सारा भार एकट्यावर येतो.

तिसरा भेद स्मृतिनाशाच्या क्रमातून उद्‌भवतो. नव्या आठवणी आधी पुसल्या जातात व जुन्या अधिक काळ टिकतात, हे फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेऑद्यूल रिबो यांनी १८८१ मध्ये दाखवून दिले होते. परिणामी, रुग्णाचे मन हळूहळू तारुण्याकडे व बालपणाकडे सरकते आणि विवाहानंतरची वर्षे धूसर होत जातात. पन्नास वर्षे सोबत राहिलेल्या पत्नीला रुग्ण आई, आत्या किंवा थोरली बहीण समजू लागतो. जिने आयुष्यभर ‘अहो’ म्हणून हाक मारली तिलाच ‘आपण कोण?’ असे विचारतो. तरुणपणी ज्यांनी मराठी भाषक प्रदेश सोडला, अशा रुग्णांच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा मागे पडून बालपणीची मराठी पुढे येण्याचाही संभव असतो. हा विसर मनातील अनास्थेचा निदर्शक नसतो. चेहरा व नाव यांची सांगड तुटली, तरी परिचित आवाज व स्पर्श यांनी मिळणारा दिलासा बऱ्याच रुग्णांत दीर्घकाळ टिकून राहतो.

जिवंत व्यक्ती शरीराने समोर असताना मनाने दुरावणे, या अनुभवास अमेरिकन अभ्यासक पॉलिन बॉस यांनी ‘संदिग्ध वियोग’ अशा अर्थाची संज्ञा दिली आहे. मृत्यूनंतरच्या शोकाला समाजमान्य विधी असतात, भेटीस येणारे आप्तेष्ट असतात. या वियोगाला तसे काहीच नसते. म्हणून जोडीदाराचे दुःख पुष्कळदा अव्यक्तच राहते.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी अल्झायमरग्रस्त पती जॉन यांच्याकडे लक्ष देता यावे, म्हणून २००५ मध्ये निवृत्तीचा निर्णय जाहीर केला. पुढे पतीला शुश्रूषागृहात ठेवावे लागले. तेथे पत्नीचे विस्मरण होऊन त्यांचा दुसऱ्या एका रुग्ण स्त्रीशी स्नेह जडला. पती समाधानी आहे याचाच पत्नीला आनंद वाटतो, असे कुटुंबीयांनी २००७ मध्ये सांगितले. जॉन यांचे २००९ मध्ये निधन झाले. २०१८ मध्ये स्वतः ओकॉनर यांनाही स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर झाले व १ डिसेंबर २०२३ रोजी त्या निवर्तल्या. ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मर्डॉक (१९१९–९९) यांची शुश्रूषा त्यांचे पती, समीक्षक जॉन बेली यांनी घरीच केली. त्या काळातील सहजीवनाचे त्यांनी लिहिलेले कथन १९९८ मध्ये, पत्नीच्या हयातीतच प्रसिद्ध झाले.

निदान : आरंभीची चिन्हे सर्वप्रथम जोडीदाराच्याच लक्षात येतात. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणे, रोजच्या भाजीत मीठ दोनदा घालणे, हिशेब चुकणे, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणे, बोलताना नेमका शब्द न सापडणे, लोकांत मिसळणे टाळणे इ. लक्षणे दिसू लागतात. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वार्धक्यात स्वाभाविक आहे. परंतु चष्मा कशासाठी असतो हेच न आठवणे विकाराचे द्योतक होय. बऱ्याचदा जोडीदार नकळत रुग्णाच्या उणिवा झाकतो, त्याची वाक्ये पुरी करतो, पाहुण्यांसमोर सावरून घेतो. ‘वयच झाले’ असे म्हणून आप्तही विषय सोडून देतात. यामुळे निदानास विलंब होतो.

लवकर तपासणी करण्याचे महत्त्व दोन कारणांनी आहे. एक म्हणजे, स्मृतिभ्रंशासारखी दिसणारी काही दुखणी उपचाराने सुधारतात. अवटू ग्रंथीची मंदता, ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, तीव्र विषण्णता, काही औषधांचे दुष्परिणाम, डोक्याला मार लागून मेंदूभोवती साठलेले रक्त, मेंदूतील पोकळ्यांत साठलेला द्रव इत्यादींचा त्यांत समावेश होतो. पूर्ण शाकाहारी व्यक्तींत ब१२ च्या न्यूनतेकडे विशेष लक्ष द्यावे लागते. दुसरे कारण असे, की निदान लवकर झाल्यास रुग्णाला स्वतःच्या इच्छा स्वतःच सांगता येतात. वैद्याकडे जाताना जोडीदाराने बदल केव्हापासून व कोणत्या क्रमाने दिसले याचे टिपण आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी.

निदान रुग्णाला सांगावे की नाही, याविषयी कुटुंबात मतभेद होतात. आरंभीच्या अवस्थेतील रुग्णाला आपले काहीतरी बिघडत आहे याची जाणीव बहुधा असते. त्याला हवी तेवढी माहिती सौम्य शब्दांत देणे हितावह ठरते. कारण लपवाछपवीमुळे संशय वाढतो. डोनेपेझिल, मेमँटीन इ. औषधांनी काही रुग्णांत लक्षणांचा जोर काही काळ कमी होतो. २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या लेकानेमॅबसारख्या औषधाने आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाची गती काहीशी मंदावते. तथापि गेलेली स्मृती परत आणणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. म्हणून शुश्रूषा हाच उपचाराचा मुख्य भाग ठरतो.

पूर्वतयारी : भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती विकलमनस्क झाल्यास मुखत्याराचा अधिकार संपुष्टात येतो. मुखत्यारपत्र करून ठेवले म्हणजे काळजी मिटली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. रुग्णाची समज शाबूत असतानाच बँकेची खाती दोघांपैकी कोणालाही चालविता येतील अशी करून घेणे, नामनिर्देशने तपासणे, मृत्युपत्र करणे व त्यासमयी मानसिक सक्षमतेचा वैद्यकीय दाखला घेणे इष्ट असते. उशीर झाल्यास पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयात जावे लागते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा मे २०१८ मध्ये अंमलात आला. पुढे निर्णयक्षमता गेल्यास मानसिक विकारावर कोणते उपचार व्हावेत व कोणते होऊ नयेत याचा आगाऊ निर्देश देण्याची आणि आपला प्रतिनिधी नेमण्याची तरतूद त्यात आहे.

संवाद : रुग्णाला चूक दाखवून देणे, ‘आठवून पाहा’ असा आग्रह धरणे किंवा पाहुण्यांदेखत परीक्षा घेणे टाळावे. प्रसंग विसरला, तरी त्या वेळी झालेल्या अपमानाची भावना रुग्णाच्या मनात रेंगाळते. समोरून, नजरेस नजर देऊन, शांतपणे व छोट्या वाक्यांत बोलावे. एका वेळी एकच गोष्ट सांगावी व उत्तरासाठी थांबावे. ‘काय जेवणार?’ यापेक्षा ‘भात वाढू का?’ हा प्रश्न सोपा असतो. दिवंगत आईची चौकशी रुग्ण करू लागल्यास तिच्या मृत्यूची बातमी दर वेळी नव्याने सांगणे क्रूरपणाचे ठरते. त्याऐवजी आईविषयी बोलते करून त्या आठवणीत सहभागी व्हावे. राहत्या घरातच ‘मला घरी जायचे आहे’ असे रुग्ण म्हणतो, तेव्हा बहुधा त्याला सुरक्षितता हवी असते. वाद न घालता त्याच्यासोबत दोन पावले फिरून येणे अधिक उपयोगी पडते.

दिनक्रम व सुरक्षितता : उठणे, स्नान, जेवण, फिरणे व झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. हातांना सरावाने जमणारी कामे व पाठांतर ही प्रसंगांच्या आठवणींपेक्षा अधिक काळ टिकतात. मेथी निवडणे, शेंगा सोलणे, कपड्यांच्या घड्या घालणे, फुलांचा हार करणे, लहानपणी पाठ झालेली स्तोत्रे, अभंग वा ओव्या म्हणणे यांमुळे रुग्णाला आपण उपयोगी आहोत असे वाटते. काम नीटनेटके झाले नाही, तरी ते त्याच्या हातून काढून घेऊ नये.

घराची रचना शक्यतो बदलू नये. मात्र धोके दूर करावेत. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी वापरानंतर बंद करणे, औषधे व कीटकनाशके कुलुपात ठेवणे, न्हाणीघरातील फरशी कोरडी ठेवणे व भिंतीला आधारदांडी बसविणे, रात्री मंद दिवा ठेवणे या गोष्टी आवश्यक आहेत. रुग्ण घराबाहेर पडून हरवण्याची भीती असते. म्हणून त्याच्या खिशात वा गळ्यात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेले पत्रक असावे, अलीकडचे छायाचित्र हाताशी असावे आणि शेजारी, वाणी, रिक्षावाले यांना आजाराची कल्पना द्यावी. आजार गुप्त ठेवल्यास ही मदत गमवावी लागते.

वर्तनातील बदल : पैसे चोरले, जेवणात काहीतरी घातले, जोडीदाराचे दुसरीकडे संबंध आहेत, असे आरोप रुग्ण करतो. ते मेंदूतील विकृतीचे लक्षण असते. प्रतिवाद केल्याने ते नाहीसे होत नाही. हरवलेली वस्तू त्याच्याबरोबर शोधणे हा अधिक चांगला मार्ग होय. पुष्कळ रुग्णांत दिवेलागणीच्या सुमारास अस्वस्थता वाढते. दुपारची दीर्घ झोप टाळणे, सायंकाळी खोलीत भरपूर उजेड ठेवणे व गलबला कमी करणे यांचा उपयोग होतो. अस्वस्थता एकाएकी वाढली, तर प्रथम वेदना, मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, भूक वा तहान यांचा विचार करावा. कारण आपले दुखणे रुग्णाला सांगता येत नाही. शांत करणारी तीव्र औषधे वैद्याच्या सल्ल्याशिवाय देऊ नयेत. चित्तविकृतीवरील काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असे आढळून आले आहे.

अंतिम अवस्था : शेवटच्या टप्प्यात बोलणे, चालणे व गिळणे ही कार्ये मंदावतात. ठसका लागू नये म्हणून रुग्णाला बसवून, मऊ अन्न लहान घासांनी व सावकाश भरवावे. या अवस्थेत नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असे दिसून आलेले नाही. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून कूस वरचेवर बदलावी लागते. रुग्णालयातील उपचार कोठवर न्यायचे, हा प्रश्न जोडीदाराला याच वेळी भेडसावतो. रुग्णाने पूर्वी व्यक्त केलेली इच्छा ठाऊक असल्यास अपराधीपणाचे ओझे कमी होते.

जोडीदाराचे आरोग्य : सततचे जागरण, उचलणे-बसविणे यांचे श्रम, एकाकीपणा व चिडचिड यांमुळे जोडीदार स्वतः आजारी पडतो. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विविध प्रकारे विकलांग असलेल्या पती-पत्नींची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धांची चार वर्षे पाहणी करण्यात आली. शुश्रूषेचा ताण जाणवणाऱ्यांत मृत्यूचा धोका शुश्रूषा न करणाऱ्या वृद्धांपेक्षा ६३ टक्के अधिक आढळला. संताप येणे, क्वचित हात उगारावासा वाटणे, ‘हे सारे संपावे’ असा विचार मनात येणे, हे प्रेमाच्या अभावाचे लक्षण नसून थकव्याचे असते. अशा वेळी काही काळ दुसऱ्यावर जबाबदारी सोपवून दूर होणे हेच दोघांच्याही हिताचे असते.

भारतीय कुटुंबात सेवा हे कर्तव्य मानले जाते व पत्नीकडून तिची विशेष अपेक्षा केली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगभरात या शुश्रूषेच्या एकूण तासांपैकी सु. ७० टक्के तास स्त्रियाच देतात. कर्तव्यभावनेमुळे रुग्णाला मायेचे छत्र लाभते, हे खरे. परंतु मदत मागणे म्हणजे कर्तव्यात कसूर, अशी भावनाही त्यातूनच उत्पन्न होते. वास्तविक जोडीदाराला मदत मिळाल्यास रुग्णाचाच लाभ होतो. न्यूयॉर्क येथे मेरी मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४०६ जोडीदारांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या जोडीदारांना सहा समुपदेशन बैठका, आधारगट व गरजेनुसार दूरध्वनीवरून सल्ला देण्यात आला. सहा बैठकींपैकी चार बैठकी इतर कुटुंबीयांसह घेतल्या होत्या. या गटातील रुग्णांना शुश्रूषागृहात हलविण्याची वेळ मध्यमानाने ५५७ दिवस, म्हणजे सुमारे दीड वर्ष, पुढे गेली.

असे साहाय्य आपल्याकडेही शक्य आहे, हे गोव्यात दिसून आले. तेथे दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. अल्प प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक गृहसल्लागारांनी घरी जाऊन रोगाची माहिती दिली, अवघड वर्तन हाताळण्याच्या युक्त्या शिकविल्या व तज्ञांशी गाठ घालून दिली. परिणामी शुश्रूषा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले. यासाठी मोठी रुग्णालये किंवा महागडी साधने लागली नाहीत.

संस्थात्मक मदत : अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली, तिच्या शाखा देशात अनेक ठिकाणी आहेत. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत स्मृतिचिकित्सालये, आधारगट व दिवसभराची निगाकेंद्रे आढळतात. ग्रामीण भागात मात्र त्यांची उणीव आहे. रुग्णाला निवासी केंद्रात ठेवणे हा काही कुटुंबांना अटळ पर्याय ठरतो. तो त्याग नव्हे. केंद्रात नियमित जाऊन हाताने भरवणे, केस विंचरणे, जुनी गाणी ऐकविणे या रूपाने शुश्रूषा पुढे चालू राहते. लोकजागृतीसाठी २१ सप्टेंबर हा जागतिक अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या अस्तु या मराठी चित्रपटात अल्झायमरग्रस्त संस्कृत पंडिताचे, तर ब्लेसी यांच्या तन्मात्रा (२००५) या मलयाळम् चित्रपटात अशाच एका गृहस्थाचे व त्याच्या कुटुंबाचे चित्रण आढळते.

स्मृतिभ्रंशात संसाराची सामाईक आठवण एकाच्याच स्वाधीन उरते. रुग्णाला काय आवडत असे, तो कशाला भीत असे, कोणत्या हाकेला ओ देत असे, हे जोडीदारालाच ठाऊक असते आणि याच माहितीच्या आधारे वैद्य, परिचारिका व मुले रुग्णाला माणूस म्हणून वागवू शकतात. ती लिहून ठेवणे व इतरांना सांगणे हे शुश्रूषेचेच एक अंग होय. तिचा एकमेव धारक असलेला जोडीदार खचला, तर रुग्णाचा उरलासुरला आधारही जातो. म्हणून स्मृतिभ्रंशाचे निदान होताच एकाऐवजी दोन व्यक्तींची काळजी घेण्याची व्यवस्था करणे, हे कुटुंब, वैद्य व समाज यांचे कर्तव्य ठरते.